मराठीत विचारायचा राहिलेला प्रश्न

मित्रांनो, हसनाबादला विहाराच्या मागच्या गल्लीत वसंतामामांचं घर आहे. तिथे खिडकीखालच्या टेबलावर जो पिवळट पडलेला डबा दिसतो, तोच मी. मी एक जुना संगणक आहे. मला कुणी जुना म्हटलं तर राग येत नाही. डबा म्हटलं तर मात्र येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली तेव्हा मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या कचेरीत होतो आणि पिशव्यांवरची लेबलं छापत होतो. काय थाट होता तेव्हा! साहेब यायचे म्हटलं की आधी माझ्यावरची धूळ पुसली जायची. पुढे नवी सडपातळ यंत्रं आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. त्याच कचेरीत दीपमाला पॅकिंगचं काम करायची. तिनं साहेबांना विचारून मला मागून घेतलं, आणि मी काळी-पिवळीत तिच्या मांडीवर बसून या घरी आलो.

दीपमाला ही वसंतामामांची लेक. मामांच्या बँडशिवाय इकडच्या चार गावांत वरात निघत नसे. ते क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांनी सूर लावला की ढोलवालेसुद्धा हात आवरून घ्यायचे म्हणतात. मग एका सकाळी मामांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, पण ओठ काही पहिल्यासारखे आवळेनात. त्यांची क्लॅरिनेट बंद झाली.

त्याआधी दीपमालानं त्यांचं वाजवणं मोबाईलमध्ये टिपून ठेवलं होतं. मोबाईल भरला तेव्हा तिनं ते सगळं माझ्यात आणून टाकलं. दुसरीकडे कुठेही ते नव्हतं, फक्त माझ्या पोटात होतं. रोज जेवण झालं की मामा खाटेवर आडवे होत आणि म्हणत, "दीपे, लाव की." मी वाजवायचो. कचेरीतला सगळा थाट एकीकडे आणि मामांचं ते डोळे मिटून ऐकणं एकीकडे!

पण वय कुणाला चुकतं? मामांनी "लाव" म्हटल्यावर मी सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचो की त्यांना डुलकी लागायची. संगणक दुरुस्त करणारा भोकरदनचा दुकानदार म्हणाला, भंगारात घाला. दीपमालाचा भाऊ प्रितम पुण्याला नोकरीला असतो. त्यानं एक पेनड्राइव्ह पाठवला. त्यात नवी प्रणाली होती, म्हणजे ज्याच्या बळावर मी चालतो ते सगळं. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, फुकट, ज्याची त्यानं आपल्या हातानं बसवायची. जुन्या यंत्रांना ती नवा जीव देते. हे खरंच आहे, मी स्वतः साक्षीला आहे.

"ताई, लई सोपं हाय," प्रितम फोनवर म्हणाला. "ते जे जे विचारीन त्याला हौ म्हणत जाय. बिलकुल घाबरू नको."

दीपमालानं पेनड्राइव्ह लावला. पहिल्याच पडद्यावर मी भाषा विचारली. सगळ्यात वर इंग्रजी होती, आणि खाली, बरंच खाली, मराठी होती. मामा खाटेवरून मान लांब करून बघत होते. पावसाळ्यात विहारात ग्रंथवाचन चालतं, त्यात मामांची पाळी कधी चुकली नाही. चष्मा लावून, एकेक शब्द तोलून ते वाचायचे.

"मराठी हाय का बघ की त्याच्यात," मामा म्हणाले. "म्या वाचून सांगतो तुला."

"आबा, तुम्ही गप बसा बरं. कंप्युटरचं काम इंग्रजीतच बराबर होतंय."

मित्रांनो, तिला तरी का बोल लावू? मराठी वाचनात बापासारखीच तरबेज, पण आपल्या भाषेत केलं की काम कच्चं राहतं, असं तिला कचेरीत बघून बघून वाटू लागलं होतं. तिनं इंग्रजीवरच बटण दाबलं. पुढे मी विचारत गेलो आणि ती हौ म्हणत गेली. मग तो प्रश्न आला. आतलं सगळं कायमचं पुसून टाकू का? मी विचारलं, पण इंग्रजीत, बारीक अक्षरात. आणि 'हो'चं बटण आधीच उजळून ठेवलेलं होतं. दाबू नकोस गं बाई, असं मी किती ओरडलो असेन! पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठे असतो? माझा पंखा तेवढा जोरात फिरला. तिनं बटण दाबलं.

नवी प्रणाली बसली आणि मी झटक्यात सुरू झालो. दीपमाला टाळ्या वाजवायला लागली. मामा हसून म्हणाले, "दीपे, लाव की मंग."

तिनं शोधलं. पुन्हा शोधलं. माझ्यात काहीही नव्हतं. प्रितमला फोन लावला. तो हळूच म्हणाला, "सामान आधी काढून घ्यायचं सांगायचं राहूनच गेल्तं, ताई." दुकानदारानं खटपट करून पाहिली आणि हात टेकले.

दीपमाला खाटेजवळ खाली बसली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. मामांनी भिंतीकडे तोंड केलं. तसेच पडून म्हणाले, "त्यानं तुला इचारलं व्हतं ना? पर ज्याचं जानार त्याला समजंल असं इचारावं."

एवढंच. त्या दिवसापासून मामांनी "लाव की" म्हणणं सोडलं. मी धावायला लागलो होतो, पण मला धावायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. असलं तारुण्य काय जाळायचंय?

दीपमालानं मात्र एक केलं. तिनं मला मराठी केलं. दीपमाला जुनी यंत्रं धावती करते असा गावात बोलबाला झाला तशी माणसं आपली थकलेली यंत्रं घेऊन येऊ लागली. तिनं प्रत्येकाला एकच अट घातली. पुसायचा प्रश्न आला की यंत्राच्या मालकानं तो स्वतः मोठ्यानं वाचायचा, मगच बटण.

एका दुपारी गावातला भिवा लॅपटॉप घेऊन आला. तिनं तो माझ्या शेजारीच ठेवला.

"दाब ना जल्दी, दीपाताई. शेतात मजूर बसून राह्यले."

"वाचा आधी, भिवादादा."

"शाळा लावली का काय तू?" भिवा कुरकुरत वाचायला लागला. "या डिस्कवरचे सर्व काही कायमचे पुसले जाईल." तो थबकला. "कायमचं? मंग आमच्या लग्नाची शूटिंग? न्हाई न्हाई, थांब! बायको मला घरात घेनार न्हाई!"

दीपमालानं हात मागे घेतला. लग्नाचं ते चित्रण तिनं आधी माझ्यात उतरवलं आणि नीट आलं का बघायला लावलं. धूळ उडत होती, फटाके वाजत होते, कुणीतरी पाण्याचा टँकर कुठे म्हणून ओरडत होतं. आणि त्या गोंधळातून क्लॅरिनेट वर आली.

दीपमालाचा हात तोंडावर गेला. खाटेवर मामांनी कूस बदलली.

"कोण वाजवून राह्यलं?"

"मामा, तुम्हीच की," भिवा म्हणाला. "माझ्या वरातीत तुम्हीच आल्ते ना."

मामा ऐकत राहिले. गालावरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. वाजवणं संपलं तेव्हा म्हणाले, "मधी दम तुटला माझा. घाई केल्ती." आणि मग, "दीपे, लाव की पुन्हा."

मी लावलं. जे गेलं ते गेलं, हा एकच तुकडा राहिला आहे. तो आता दोन ठिकाणी जपून ठेवलाय.

मित्रांनो, माझ्यासारख्याला नवा जीव देणं खरंच सोपं असावं. कुणालाही, कुठल्याही गावात, आपल्या हातानं जमावं. पण नुसतं पटापट बटण दाबता आलं म्हणजे ते सोपं झालं असं समजू नका. काही पुसण्याआधी घरातल्या माणसाला कळेल असं विचारा आणि त्याला वाचू द्या. त्या दिवशी मी मराठीत विचारलं असतं, तर मामांनी खाटेवरून वाचलं असतं आणि "न्हाई" म्हटलं असतं. तेवढं एक "न्हाई" मला ऐकायचं होतं.