दोन डाव्या बाह्या

माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून सहा महिन्यांनी घरी आला, तेव्हा त्याच्या हाताचा कंप गेला होता आणि तोंडात देव आला होता. कंप गेला याचा मला आनंद झाला. देवाचं मात्र मला काही खरं वाटेना. हाच माणूस पूर्वी म्हणायचा, देव असता तर त्याने आधी आपल्या दुकानाचं गळकं छप्पर बघितलं असतं.

शिवणकामाचं दुकान आमच्या वडिलांचं. त्यांच्यामागे आम्ही दोघं ते चालवत होतो. भाऊ कापायचा, गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणायची. मी मशीन चालवते आणि तोंड. दोन्ही न थांबता.

परत आल्यापासून तो रोज सकाळी कापायच्या टेबलावर दोन्ही तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. चार दिवस मी सोसलं. पाचव्या दिवशी विचारलं, "कोणाला सांगतोस रे एवढं?"

"माहीत नाही गं ताई. पण मी एकटा पुरा पडत नाही, एवढं कळलंय. म्हणून म्हणतो, आजच्या दिवसापुरतं सांभाळ."

"म्हणजे पत्ता न घालता पत्र."

"पोचतंय पण," तो म्हणाला आणि काजं करायला बसला.

हो, काजंच. काजं, बटणं आणि इस्त्री. वडिलांची मोठी कात्री मी माझ्या खणात कुलूप लावून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या महागड्या कापडातून याने पिऊन दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या. शिकाऊ पोरगंसुद्धा ती चूक एकदा करतं आणि जन्मभर लाजतं. त्या दिवशी मी त्याला दुकानाबाहेर काढला होता. दुधाने तोंड पोळल्यावर मी ताक फुंकणारच.

केंद्रात त्याला आणखी एक शिकवलं होतं. चूक झाली की ती त्याच दिवशी, ज्याच्याशी झाली त्याच्या तोंडावर कबूल करायची. त्याच्या कबुल्यांचा मला वीट आला होता. "ताई, मघाशी तू ओरडलीस तेव्हा मी मनातल्या मनात तुला कैदाशीण म्हटलं." आता यावर माणसाने काय बोलावं?

फक्त माझी मुलगी त्याची कबुली ऐकून घेत नव्हती. बावीस वर्षांची झाली तरी आम्ही तिला छकुलीच म्हणतो. लहानपणी तिला शाळेतून आणायचं काम मामाचं होतं. एकदा तो गुत्त्यात बसून राहिला आणि ही अंधार पडेपर्यंत शाळेच्या पायरीवर. तरी तिने त्याला माफ केलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी तो तिच्या कॉलेजच्या समारंभात झिंगत आला, आणि त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. काही सांगायचं असलं की मला म्हणायची, "त्यांना सांग." मामा हा शब्दच तिने टाकून दिला होता. तिला दूरच्या गावी नोकरी लागली तेव्हा तिने मला बजावलं, "आई, त्यांनी पुन्हा एकदा जरी घेतली, तर या घरात ते तरी राहतील किंवा मी तरी येईन."

तिकडे थंडी फार. म्हणून मी आमच्या वडिलांचा लोकरी कोट काढला. बाहेरून उन्हाने विटलेला, पण आतल्या बाजूने अजून गर्द निळा. तो उसवायचा, आतली बाजू बाहेर करायची आणि छकुलीच्या मापाने पुन्हा कापायचा, असं ठरलं. कापड तेवढंच होतं आणि तसलं आता मिळत नाही.

"ताई, मी कापू?" भावाने विचारलं.

"नको."

तो पुन्हा काजांकडे वळला. मीच कात्री काढली. पहिली बाही झकास कापली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँट सैल झाली म्हणून भांडायला आलं. मी त्याला त्याच्या जेवणावरून दोन शब्द सुनावले आणि तणतणत परत टेबलापाशी आले. कागदी नमुना उलटा करायचा राहिला. तसाच ठेवला आणि कापला. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. दोन्ही बाह्या डाव्या.

भावाने येऊन बघितलं. हसला असता तर बरं झालं असतं.

"ही एक उलटी लावू," तो म्हणाला. "मग ती उजवी होते."

"आणि विटलेली बाजू वर येते त्याचं काय?"

"येऊ दे. कॉलरही तशीच विटक्या बाजूची करू. मुद्दाम केल्यासारखं दिसेल." मग हळूच म्हणाला, "छकुलीला सांगायचं का नाही ते तू बघ. माझ्या तोंडून जाणार नाही."

मी कात्री त्याच्यापुढे केली. त्याने आधी तळहात टेकवले. या वेळी मी त्याला घाई केली नाही.

कोट देखणा झाला. जायच्या आदल्या दिवशी दुपारी छकुलीने तो दुकानात घालून बघितला. आरशासमोर गर्रकन वळली आणि थांबली. शिंप्याच्या घरची पोर ती, तिला कुठे फसवणार?

"आई, उजवी बाही उलटी लावलीय." तिचा चेहरा उतरला. "दोन डाव्या कापल्या त्यांनी. पुन्हा सुरू झालं ना?"

भाऊ इस्त्री करत होता. त्याने मान वर केली नाही. सहा महिने आणि वर चार महिने त्याने एकेक दिवस करून जमवले होते, आणि ते सगळे माझ्या एका वाक्यावर टांगले होते. माझ्या जिभेवर तयार उत्तर होतं, अगं, फॅशन आहे. पण तिने ते मानलं नसतं. जन्मभर न थांबलेलं माझं तोंड तेव्हा मात्र उघडेना. मी आधारासाठी टेबलावर दोन्ही तळहात टेकवले. कोणाला ते ठाऊक नाही, पण मनात म्हटलं, सांभाळ.

"मी कापल्या," मी म्हणाले.

"तू?"

"मी. भर दिवसा, शुद्धीत, चहा पिऊन. त्याच्या हातात कात्री द्यायची मला भीती वाटली आणि त्या भीतीपायी मीच घोळ घातला. निस्तरला त्याने." मग मला रडूच आलं. "मी गप्प बसले असते तर तोही बसला असता गं."

छकुली बराच वेळ विटक्या बाहीवरून हात फिरवत राहिली. मग इस्त्रीच्या टेबलापाशी गेली आणि उजवा हात त्याच्यापुढे धरला.

"मामा, ही मनगटाशी अर्धा इंच लांब होतेय."

त्याने इस्त्री उभी केली आणि टाचणी घेतली. टाचणी लावताना त्याच्या हाताला कंप सुटला. छकुलीने दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि टाचणी लागेपर्यंत सोडलं नाही.