दोन मडकी, एक बोअर

शाळेच्या टेबलावर दोन मडकी होती, एकावर खडूनं देऊळ काढलेलं, दुसऱ्यावर विहार. बाहेर रांगेत २१४ माणसं, त्यांत १०३ बायका.

निपाणीजवळच्या आमच्या गावाला नव्या मंडल पंचायतीनं एकच बोअर मंजूर केला होता. तो देवळापुढं मारायचा की बुद्धविहारापाशी, हे गावानं ठरवायचं होतं. विहाराकडच्या वस्तीत पाणी नव्हतं. बायका ओढ्यावरून आणत. तरी मागच्या सभेत विहारासाठी त्यांच्यातल्या फक्त सोनुबाईचा हात वर आला. समोर तंबाखूचे मालक बसलेले, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रानात कामाला जायचं होतं.

म्हणून मी पंचायतीचे प्रधान यल्लाप्पा यांना सुचवलं, पडद्याआड मडकी ठेवू, प्रत्येकानं ज्वारीचा एक दाणा टाकायचा.

"बी.एस्सी. झालायस न्हवं? तूच कर," ते म्हणाले.

दारात प्रत्येकाच्या हातावर मी स्वतः एकेक दाणा ठेवला. शेवटी एकेक मडकं परातीत ओतून सगळ्यांसमोर दाणे मोजले. विहार ११९, देऊळ ११२. बेरीज २३१. सतरा दाणे जास्त.

"वस्तीच्या बायकांनी ज्वारी पेरली," भरमू म्हणाला. त्याची चार एकर तंबाखू होती.

"पेरायला रान हाय का आमास्नी, भरमूअण्णा?" सोनुबाई म्हणाली.

"मडकी नकोत. हात वर करा, झालं," भरमू म्हणाला.

सोनुबाई माझ्याकडं बघत राहिली. मी विचारलं, "मडकी कुणाच्या घरची?"

भरमूची बायको जयाबाई पुढं आली. "आमचीच की. सकाळी शिपाई न्यायला आलता. दुसऱ्याला रिकामं भांडं कसं द्यायचं? दोन्हीत चिमूट चिमूट ज्वारी टाकलती."

"किती दाणे, जयाक्का?"

"चिमूट कोण मोजतंय रं?"

लोक हसले. भरमू हसला नाही.

यल्लाप्पा म्हणाले, "पुन्हा घ्या. मडक्यानंच. पर ज्वारी नको, चिंचोके घ्या."

तोवर बऱ्याच बायका कामावर गेल्या होत्या. सोनुबाई रानोरान फिरून त्यांना घेऊन आली. नऊ माणसं येऊ शकली नाहीत.

मडकी उलटी करून सगळ्यांना दाखवली. मग दारात मी चिंचोके दिले, २०५.

विहार १०६, देऊळ ९९.