दोन फाटकांमधलं डांबर

रायापूर ओलांडून धारवाडकडं जाताना मोठ्या रस्त्याला लागून गुरुप्रसादांचं फरशीचं दुकान आहे आणि त्याला खेटून हेमावतीअक्कांचं पेंडीचं गोदाम. दुकानात काचेआड चकचकीत फरश्या उभ्या असतात. गोदामातून सरकीच्या पेंडीचा वास येतो आणि वाऱ्याबरोबर फाटकाबाहेरही पसरतो. दोघांची फाटकं वेगळी, पण पुढचं डांबरी आवार एकच. अक्कांचे यजमान होते तेव्हा दोघांनी मिळून ते करून घेतलं होतं. यजमान गेल्यावर अक्का आणि गुरुप्रसादांमध्ये बिनसलं आणि अक्कांनी मधोमध सिमेंटचा बुटका बांध घातला. वर चुना मारलेले दगड ओळीनं मांडले.

डांबराची कामं घेणाऱ्या यमुनानं आवार पहिल्यांदा पाहिलं ते त्या दगडांपाशी उभं राहून. अलीकडं गुरुप्रसादांच्या बाजूला डांबर मगरीच्या पाठीसारखं तडकलं होतं. बांधालगत तर खड्डाच पडला होता आणि त्यातलं पाणी हिरवं झालं होतं.

"एवढंच करायचं," गुरुप्रसाद म्हणाले. पन्नाशी उलटलेला, कडक इस्त्रीचा माणूस. मराठी बोलताना ते मधेच कन्नडात शिरत आणि परत येत. "दगडाच्या पलीकडं पाय टाकायचा नाही."

यमुना खाली बसली आणि तिनं जमिनीशी डोळा लावून उतार पाहिला. सगळं आवार पलीकडं कललेलं होतं.

"अण्णा, पाणी तिकडनं गटारात जायचं आणि त्या बांधानं अडलंय. खाली काळी माती आहे. मुरलं की फुगणार, उन्हात चिरणार."

"माहीत आहे. तिलाही माहीत आहे. तिच्या गोदामाची भिंत खालून ओली झालेली मला इथून दिसते."

"मग एकदा बोलून घ्या की."

गुरुप्रसादांनी खिशातून फोन काढून उगाच पाहिला आणि परत ठेवला.

यमुना मूळची अळणावरकडच्या खेड्यातली. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर, उमेशबरोबर, रस्त्याच्या कामावर आली. आधी घमेली उचलली, मग फावडं आणि दाताळं हातात घेतलं, आणि पुढं एका मोठ्या कंत्राटदाराकडं तिची स्वतःची टोळी झाली. अलीकडं ती स्वतःच्या नावावर कामं घेऊ लागली होती. पेट्रोल पंपावरचा खड्डा, कल्याण मंडपाच्या दाराशी ठिगळ, असली बारीक कामं. आख्खं आवार आजवर तिला कुणी दिलं नव्हतं. आता मिळत होतं, तेही अर्धं.

कमरीपेठेतल्या खोलीत जेवताना उमेश म्हणाला, "अर्धं तर अर्धं. त्यांचं भांडण त्यांना लखलाभ."

"अवो, अर्धं केलं तर बांधालगत पुन्हा उखडणार. येणारा-जाणारा विचारणार, हे कुणी केलं? माझंच नाव सांगतील ना?"

"मग सोडून द्यायचं?"

"सोडत नाही. पलीकडच्या बाईंना एकदा भेटून येते."

हेमावतीअक्का गोदामाच्या दारात वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. उंच बांधा, नाकात मोठी चमकी आणि हमालांवर सतत फिरणारी नजर. यमुना कशासाठी आली हे कळल्यावर त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "त्यांचं पाणी माझ्या फाटकातून जायचं? ते कशाला?"

"अडवलंय म्हणून ते तुमच्याच भिंतीत शिरतंय, अक्का."

"शिरू दे." अक्कांनी काट्यावर सांडलेली पेंड हातानं झटकली. "माझे यजमान जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता बघ. माझ्या ड्रायव्हरनं लॉरी मागं घेताना त्यांची काच फोडली. चूक आमचीच होती, मी भरून दिली. पण त्यांनी गिऱ्हाइकांसमोर माझ्या माणसाला काय सांगितलं? बाईला हा धंदा झेपणार नाही, विकून टाक म्हणावं. माझ्या यजमानांच्या पंगतीला बसून जेवलेला माणूस तो."

यमुनाला स्वतःलाही असलं पुष्कळ ऐकावं लागलं होतं. ती उठली आणि जाताना एवढंच म्हणाली, "काम सुरू होईल तेव्हा आवाज होईल, धूळ उडेल. सांभाळून घ्या."

गुरुप्रसादांना मात्र तिनं स्पष्ट सांगितलं. बाकीचं काम टिकेल, बांधालगतच्या पट्ट्याची खात्री देत नाही. कड सरळ कापून ठेवते, उद्या दोघांचा विचार झाला तर जोडता येईल. ते म्हणाले, "असू दे."

काम सुरू झालं. कटरनं खराब भाग चौकोनी कापून काढला, चिखल उपसला, खडी भरून दाबून घेतली. तळाला पातळ डांबर शिंपडलं. डांबर-खडीचा गरम माल घेऊन टिपर प्लँटवरून निघाल्याचा फोन आला तेव्हा सकाळची उन्हं अंगावर आली होती आणि टोळीतल्या बायका डोक्याला फडकी बांधून, दाताळी हातात घेऊन तयार होत्या. उमेशनं रोलर सुरू करून ठेवला होता.

एवढ्यात फरश्यांनी भरलेली एक लांबची लॉरी गुरुप्रसादांच्या फाटकात शिरली. आज येऊ नका असा निरोप तिच्या ड्रायव्हरला पोचलाच नव्हता. माणसं हात करीपर्यंत मागचं चाक फाटकापाशी खणून अजून न भरलेल्या चरात गेलं आणि लॉरी एका बाजूला कलून तिथंच बसली. पुढंही जाईना, मागंही येईना. ड्रायव्हरनं जोर लावला तसं चाक आणखी रुतलं.

मागोमाग टिपर येऊन रस्त्याच्या कडेला थांबला. ताडपत्रीखालून वाफ निघत होती.

"खाली करू का कुठं?" टिपरवाल्यानं विचारलं. "थांबून थांबून गार होईल, मग मला बोलू नका."

रस्त्यावर ओतून घमेल्यांनी आणायचा म्हटलं तर निम्मा माल वाटेतच घट्ट झाला असता. गुरुप्रसाद लॉरीवाल्यावर कन्नडात संतापले होते. उमेशनं यमुनाकडं पाहिलं. यमुनानं शेजारच्या फाटकाकडं पाहिलं. तिथं साखळी होती, साखळीला कुलूप होतं.

ती चालतच गेली, पण भराभर. अक्का काट्यापाशीच होत्या. तिकडचा सगळा गोंधळ त्यांनी पाहिला होता.

"अक्का, साखळी काढा. टिपर तुमच्याकडनं आत घेऊ द्या."

"त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठी नको. माझ्यासाठी काढा. माल गार झाला तर टिपर माघारी जाईल, आणि तिथनं पुढं प्लँटवाला माझ्या नावावर माल देणार नाही. बाईच्या टोळीला जमलं नाही म्हणतील. दुसरं काही म्हणणार नाहीत."

अक्कांनी तिच्याकडं नीट पाहिलं. डोक्याचं फडकं, डांबरानं काळे झालेले बूट, हाताची घट्ट मूठ. मग कमरेची किल्ली काढून त्या स्वतः उठल्या. जाता जाता त्यांनी आपल्या जुन्या हमालाला हाक मारली.

"मल्लाप्पा, चार माणसं घे आणि ते दगड बाजूला कर."

मल्लाप्पा घोटाळला. "कुठले दगड, अक्का?"

"मधले. दुसरे कुठले आहेत?"

साखळी खाली पडली. हमालांनी दगड उचलून गोदामाच्या भिंतीकडेला नेऊन ठेवले. टिपर अक्कांच्या फाटकातून आत आला, बुटक्या बांधावरून एक एक चाक सांभाळत पलीकडं उतरला आणि मागं मागं सरकत कापलेल्या चौकोनाशी थांबला. हौदा वर झाला. काळा माल घसरून खाली आला आणि वाफेनं सगळ्यांची तोंडं झाकली.

मग कुणालाच बोलायला फुरसत राहिली नाही. यमुना पुढं उभी राहून हातानं जाडी दाखवत होती, बायका माल ओढून सारखा करत होत्या, उमेशचा रोलर ओल्या चाकांनी मागून येत होता. तिकडं मल्लाप्पाची माणसं न सांगता फसलेल्या लॉरीपाशी गेली आणि फरश्यांची खोकी उतरवू लागली. पोती उचलणाऱ्या त्यांच्या हातांना खोकी जड नव्हती, पण फरश्या फुटतील म्हणून ती माणसं जपून ठेवत होती. गुरुप्रसाद फाटकात उभे राहून ते पाहत होते. त्यांचा आवाज केव्हाच खाली आला होता.

लॉरी हलकी झाल्यावर निघाली. इकडं नवं डांबर बांधापर्यंत येऊन पोचलं. यमुनानं कड दाबून घेतली आणि पाठ सरळ केली, तेव्हा अक्का बांधाच्या पलीकडं उभ्या होत्या.

"हा काढला तर पाणी कुठं जाईल ते मला दाखव."

यमुना बांधावरून पलीकडं गेली आणि चालत चालत तिनं दाखवलं. इथून असं, फाटकाच्या या अंगानं, थेट रस्त्याच्या गटारात. कुठं थांबायचं नाही. भिंतीकडं तर वळायचंच नाही.

"माझ्या बाजूला किती करावं लागेल?"

"सगळं नाही. बांधापासून फाटकापर्यंतचा पट्टा. बाकीचं तुमचं चांगलं आहे."

"आज होईल?"

"आज झालं तर सगळ्यात चांगलं, ही कड अजून गरम आहे. पण मालाची आणखी एक खेप लागेल. आणि बांध आत्ताच फोडावा लागेल."

"माल मी मागवतो," गुरुप्रसाद म्हणाले. ते केव्हा जवळ येऊन उभे राहिले होते ते दोघींना कळलं नव्हतं. त्यांनी प्लँटला फोन लावला, बोलले, आणि फोन खाली घेऊनही तिथंच थांबले. इस्त्रीच्या शर्टावर धूळ बसली होती.

"हेमावती," ते म्हणाले, "त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर मी जे बोललो..."

"बोलला होतात."

"चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी यावं म्हणत होतो. आलो नाही. मग जितके दिवस गेले तितकं आणखी अवघड झालं."

अक्का ताज्या डांबराकडं पाहत राहिल्या. "त्यांना वाईट वाटलं असतं," एवढंच त्या म्हणाल्या. ते म्हणजे यजमान, हे ऐकणाऱ्या दोघांनाही समजलं. मग पदर खोचून त्यांनी आवाज चढवला. "मल्लाप्पा, पहार आण. आणि झाडू घे, इथली पेंड सगळी झाडून काढ. आणि एक गोष्ट," त्या गुरुप्रसादांकडं वळल्या, "तुमच्या लॉऱ्या माझ्या फाटकापुढं उभ्या राहतात, ते आजपासून बंद."

"आगली," गुरुप्रसाद म्हणाले. कन्नडात 'चालेल' म्हणाले.

बांध पहारीला फार दाद देत होता अशातला भाग नव्हता. अक्कांनी तो पक्का घालून घेतला होता. मल्लाप्पा आणि उमेश आळीपाळीनं घाव घालत होते, आणि घाव चुकला की अक्काच सांगत होत्या, "इकडं मार, इथं वाळू जास्त पडली होती." दुसरी खेप आली तोवर दोन्हीकडच्या माणसांनी मिळून पट्टा झाडून, खणून, पातळ डांबर मारून तयार केला होता. या वेळी टिपर कुठल्या फाटकातून घ्यायचा हे कुणी विचारलं नाही.

रोलरची शेवटची फेरी झाली तेव्हा उन्हं कलली होती. गुरुप्रसादांनी सगळ्यांसाठी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मागवली. टोळीतल्या बायका आणि गोदामातले हमाल पोत्यांवर बसून खात होते. यमुनाला भूक होती, पण तिचा डोळा राहून राहून उताराकडं जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तर अक्कांनी आधीच पिंप भरून ठेवलं होतं. "तुझ्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या, "पण बघू दे." मल्लाप्पानं गुरुप्रसादांच्या दुकानाच्या पायरीशी पिंप उपडं केलं. पाणी पसरलं, थोडं घुटमळलं, मग जुना बांध होता त्या जागेवरून सरळ पुढं निघालं. फाटकाच्या थोडं अलीकडं मात्र तळहाताएवढं डबकं राहिलं.

यमुनानं उमेशला हाक मारली, उरलेला माल पत्र्यावर तापवला, तेवढी जागा खरवडून भरली आणि हातातल्या धुम्मसानं ठोकून दाबून घेतली. मग स्वतःच बादली आणून ओतली. पाणी न थांबता गेलं आणि गटारात पडल्याचा आवाज आला.

अक्का तिच्याजवळ आल्या. "काल तू म्हणालीस ना, बाईच्या टोळीला जमलं नाही म्हणतील," त्या म्हणाल्या. "आता रस्त्यापलीकडचा टायरवाला सकाळपासून दोनदा विचारून गेला, ही टोळी कुणाची म्हणून. मी तुझा नंबर दिलाय. तुझ्याशी नीट वागला नाही तर मला सांग."

यमुनाला हसू आलं. डोळेही भरून आले, म्हणून ती वाकून बादली उचलायला लागली.

पुढच्या आठवड्यात आवारात गाड्या लावायचे पांढरे पट्टे मारायला तिला पुन्हा बोलावणं आलं. बोलावणं दोघांचं मिळून होतं, पण दोघांची मतं वेगळी होती. गुरुप्रसादांना गिऱ्हाइकांच्या मोटारी दुकानासमोर तिरक्या हव्या होत्या. अक्का म्हणत होत्या, तिरक्या लावल्या तर माझा टेंपो वळणार कसा. गुरुप्रसाद वळवून दाखवायला निघाले, तर अक्का म्हणाल्या, तुम्हाला तुमची गाडीसुद्धा धड मागं घेता येत नाही. मल्लाप्पा तोंडावर हात धरून हसत होता. बोलणं मराठीत सुरू झालं होतं ते आता पुरतं कन्नडात गेलं होतं.

उमेश रंगाचा डबा उघडून, सुतळी घेऊन उभा होता. "आज काही काम व्हायचं नाही," तो यमुनाला हळूच म्हणाला.

"बोलू दे त्यांना," यमुना म्हणाली. "डब्याचं झाकण तेवढं लावून ठेवा, रंग वाळेल."

आणि ती गोदामाच्या सावलीत जाऊन भाकरीचं फडकं सोडायला बसली.