एमॉटच्या तोंडचा पाचवा अध्याय

पहिला

एमॉट तापात पत्र म्हणत होती. बायबलातलं याकोबाचं पत्र, बंदी असलेल्या इंग्रजीत, पहिल्या शब्दापासून. डोळे मिटलेले, पण आवाज खणखणीत, कुंपणापलीकडे सहज जाईल असा.

बिशपची माणसं घरांची झडती घ्यायला आली तेव्हा त्या पत्राची हाताने लिहिलेली पानं तिनंच भट्टीत, पावांच्या खाली सारली होती. "मला पाठ आहे," ती म्हणाली होती. "कागद कशाला हवा?" तसंही तिला वाचता येत नव्हतं. टेकड्यांतल्या त्या गावात शास्त्राचा एकेक भाग एकेका घराच्या तोंडी होता. लोकर पिंजायला म्हणून जमायचं, एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम एकच. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही.

तिच्या मुलीला, थॉमसिनला, चार अध्याय पाठ झाले होते. पाचवा राहिला होता. तो आता फक्त एमॉटकडे होता.

दुसरा

"अजून दुसऱ्यातच?" थॉमसिनचा नवरा वॉल्टर दारातून म्हणाला. "प्रेषितानं जरा आवरतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"हळू बोल. मध्ये कुणी बोललं की ती थांबते."

"मग थांबू दे."

"थांबली की परत पहिल्यापासून. मधूनच धरायचं तिला येत नाही, माहितीये ना तुला?"

एमॉट थांबली. ओठ चाटले. पहिल्या शब्दापासून सुरू झाली.

"झालं समाधान?" थॉमसिन म्हणाली.

तिसरा

"पाद्रीला बोलवायला हवं."

"पाचवा होऊ दे."

"तुझी आई जायला टेकलीय हे गल्लीभर झालंय. पाद्रीकडून शेवटचं तेल न लावता गेली तर विचारतील, का नाही बोलावलं? आणि विचारायला आधी माझ्याकडे येतील."

वॉल्टर एकदा इंग्रजी शास्त्र ऐकताना सापडला होता. चुकलो म्हणाला, खांद्यावर लाकडांची मोळी घेऊन भर बाजारात उभा राहिला आणि सुटला. दुसऱ्यांदा सापडलेल्याला माफी नव्हती. त्याची मोळी पायाशी रचत आणि पेटवत.

थॉमसिनने ओला फडका पिळला. "बोलव. पण सावकाश चाल."

"त्याच्यासमोर ती इंग्रजीत सुरू झाली तर?"

"मी आहे ना."

चौथा

एका दमात गेला.

पाचवा

श्रीमंतांचं आलं, मजुरांचं आलं, धीर धरण्याचं आलं. थॉमसिन कानाशी वाकून शब्दामागे शब्द ओठांत घेत होती. मग आजारी माणसाचं आलं. त्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल—

दाराशी पाद्रीची घंटी वाजली.

थॉमसिनने आईच्या तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणतेय?" पाद्रीने विचारलं.

"पाणी मागतेय, फादर."

"मग तोंड का दाबलंयस?"

"सारखी उलटी होतेय तिला. तुमच्या अंगावर नको."

पाद्री जरा मागे सरकला आणि लॅटिनमध्ये सुरू झाला. अंगठ्याने पापण्यांना तेल लावलं. मग कानांना. मग नाकाला. तळहाताखाली ओठ हलत होते. वाफ लागत होती, ओल लागत होती, शब्द लागत नव्हते.

"ओठ," पाद्री म्हणाला. "हात काढ."

वॉल्टरने दाराची चौकट घट्ट धरली होती.

"हात काढ, बाई."

तळहाताखालची हालचाल थांबली तेव्हा तिनं हात काढला. पाद्रीने ओठांवर तेलाचा क्रूस केला, मग हातांवर, पायांवर. तोंडाजवळ कान नेला.

"शांतपणे गेली," तो म्हणाला. "नशीबवान."

तापाने गेली की हाताने, हे थॉमसिनला कळलं नाही. वॉल्टरने विचारलं नाही.

पाचवा, पुढे

दफनानंतर सगळे शेजारच्या अर्सुलाच्या घरी लोकर घेऊन बसले. थॉमसिनने तेलापर्यंत म्हटलं आणि ती थांबली.

"पुढे पावसाचं होतं ना गं?" अर्सुला म्हणाली. "एकानं प्रार्थना करून पाऊस अडवला, मग परत आणला. एमॉटकाकू म्हणायच्या तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा."

"शब्द आठवतात तुला?"

"मला कुठले? ते तुमच्या घरचं."

"ह्या बायका," म्हातारा राल्फ लोकर झटकत म्हणाला, "काटा लक्षात ठेवतात, शब्द नाही. म्हण गं पोरी. वॉल्टर, तू तरी आठवण कर तिला. तिथेच होतास की."

वॉल्टर मान खाली घालून कुसळं वेचत राहिला.

गोष्ट थॉमसिनला माहीत होती. माणूस, प्रार्थना, कोरडं रान, मग पाऊस. शब्द मात्र तिच्या तळहातात येऊन विरले होते.

"ऐका," ती म्हणाली.

तिनं एक ओळ म्हटली. आईच्या चालीत, आईच्या ठेक्यात. मग दुसरी. शब्द सगळे तिचे स्वतःचे होते. अर्सुलाने डोळे मिटून ते घोळवले. राल्फने मान डोलावली आणि पुन्हा म्हणायला लावलं, पक्कं व्हावं म्हणून.

सगळे एकत्र म्हणू लागले तेव्हा वॉल्टरचा आवाज सगळ्यांत मोठा होता.