कुंपणावरचा तिरका मासा

मी मासा बोलतोय. पाण्यातला नव्हे, पत्र्याचा. एका घराच्या परसात लाकडी कुंपण आहे, त्यावर मला ठोकलंय. झाडांना पाइपने पाणी घालताना चार शिंतोडे उडतील तेवढाच माझा पाण्याशी संबंध, आणि खरं सांगायचं तर तोही मला मानवत नाही. गंजाची भीती असते हो आम्हाला.

दिसायला मी देखणा आहे. हे माझं मी सांगू नये, पण दुसरं कोणी सांगेपर्यंत किती थांबायचं? अंग निळं, पंख नारिंगी, शेपटी झोकदार. डोळा मात्र एकच. माझी दुसरी बाजू कायम फळीला चिकटलेली राहणार, तिथे डोळा काढून करायचाय काय, असं माझ्या कारागिराचं म्हणणं पडलं. एका डोळ्याने मी जेवढं पाहिलंय, तेवढं लोकांना दोन डोळ्यांनी दिसत नाही.

मासा होण्याआधी मी तेलाच्या पिंपाचं पोट होतो. एका वेल्डरने ते पिंप कापलं. त्याचा खरा धंदा गेट आणि खिडक्यांच्या जाळ्यांचा. पण उरलेला पत्रा बघितला की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने मला कातरलं, घासलं आणि छिन्नी-हातोडी घेऊन अंगभर खवले उठवले. त्या दिवशी मी जो मार खाल्ला, तो विचारू नका. पण दर चार खवल्यांनंतर तो मागे सरकून बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, ‘‘झकास.’’ कौतुक होत असलं की मारही सोसतो.

मग दुकानातल्या फळीवर बराच काळ गेला. शेजारी पत्र्याचाच एक सूर्य होता. तो सारखा हसायचा. त्याला हसूच काढलेलं, बिचारा करणार काय. येणारी माणसं आम्हाला उचलायची, उलटं करून बघायची, ‘‘छान आहे नाही?’’ म्हणायची आणि जागेवर ठेवून चालती व्हायची.

एकदा मात्र एक बाई घाईघाईत आली आणि तिने मला, सूर्याला आणि दोन चिमण्यांना सरळ उचललंच. दुकानदाराने सहज विचारलं, तर म्हणाली, ‘‘आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. दिवसभर कॉटवर पडून असते. समोर खिडकी आहे, पण खिडकीतून दिसतं काय, तर आमचं मळकं कुंपण. निदान काहीतरी रंगीत दिसू दे तिला.’’

अशी आमची वरात या घरी आली.

घरात दोनच माणसं. लेक आठवड्यातून एकदा यायची. वडील गवंडीकाम करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. आई शिवणकाम करायची. शर्टापासून शाळेच्या गणवेशापर्यंत अर्ध्या वस्तीचे कपडे तिच्या मशीनखालून गेलेत. तिला सगळे ताई म्हणतात. ऑपरेशन चांगलं झालं होतं. हाड जुळलं होतं. पण न्हाणीघरात पडून ते मोडलं, तेव्हापासून तिच्या मनाने धास्तीच घेतली. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कळवळून सांगायची, ‘‘ताई, आत्ता चालला नाहीत तर पाय आखडेल. मग जन्माची कॉट.’’ ताई मान डोलवायची आणि कॉटच्या कडेला उभ्या केलेल्या वॉकरवर टॉवेल वाळत घालायची.

मिस्त्रींनी सगळे उपाय करून पाहिले. गोड बोलून झालं, रागावून झालं, अबोला धरून झाला. अबोला तर दुपारच्या चहापर्यंतही टिकला नाही. मग लेकीने आणलेला खोका हातात घेऊन ते परसात आले.

आता मिस्त्रींची एक गोष्ट सांगायला हवी. या माणसाने आयुष्यात वाकडी वीट लावली नाही. त्यांच्याकडे बुडबुड्याची पट्टी आहे, तिला ते लेव्हल म्हणतात. बुडबुडा बरोबर मध्ये आला की काम सरळ. त्यापुढे ते कोणाचं ऐकत नाहीत. त्या पट्टीने त्यांनी आधी सूर्य लावला, मग चिमण्या, आणि परसाच्या पार टोकाला मला. माझ्या पाठीला लेव्हल टेकवली, डोळे बारीक केले, डोक्याजवळचा स्क्रू पिळला आणि शेपटीचा पिळणार एवढ्यात खिडकीतून आवाज आला.

‘‘अहो, तो मासा तिरका लागलाय.’’

‘‘काही तिरका नाही. लेव्हल लावलीय मी.’’

‘‘लेव्हल राहू दे. तो जमिनीत बुडी मारायला निघाल्यासारखा दिसतोय.’’

‘‘अगं, बुडबुडा मध्ये आहे.’’

‘‘बुडबुड्याला काय कळतं कपाळ?’’

मी आपला एका स्क्रूवर लोंबकळत दोघांचं ऐकत होतो. आता खरं काय ते मला विचाराल, तर दोघंही बरोबर होते. या परसाची जमीन उतरती आहे, म्हणून कुंपणाच्या आडव्या फळ्याही उतारानेच गेल्यात. मिस्त्रींनी मला जगाच्या हिशेबाने सरळ लावलं होतं, पण ज्या फळीवर मी होतो ती फळीच सरळ नव्हती. गवंड्याला हे दिसेना. शिंपिणीला कसं दिसणार नाही? चौकडीच्या शर्टाला खिसा लावताना चौकडीला चौकडी जुळवावी लागते; खिसा नुसता सरळ असून चालत नाही. तिचा सगळा जन्म त्यात गेलेला.

वाद वाढत गेला. शेवटी मिस्त्री चिडून म्हणाले, ‘‘तिथे बसून काय दिसणार तुला? इथे येऊन बघ, म्हणजे कळेल.’’

बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पडला. जी बाई कॉटवरून उठत नाही तिला आपण काय बोलून बसलो, हे त्यांच्या लक्षात आलं. मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून नुसते उभे राहिले. मला त्यांची फार दया आली.

मग घरातून खट, खट असा आवाज यायला लागला. दाराशी वॉकर दिसला, त्याच्यामागे ताई. वॉकरवर टॉवेल अजून तसाच. पायरीपाशी ती थांबली, खाली बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि उतरली. मिस्त्री धावले, तर तिने हातानेच त्यांना लांब ठेवलं. गवतात वॉकर रुतायला लागला तेव्हा तो सोडून तिने कुंपण धरलं. एका फळीवरून हात काढायचा, पुढच्या फळीवर ठेवायचा. सूर्याजवळून आली, चिमण्यांजवळून आली. सगळं कुंपण किंचित थरथरत होतं, आणि ते मला पोटात जाणवत होतं. पडेल, आत्ता पडेल, असं वाटून मी माझा एकुलता एक डोळाही मिटला असता, पण आम्हाला पापण्या नाहीत.

ती माझ्यापाशी पोचली. धापा टाकत होती. अंगठ्याने माझी शेपटी जराशी खाली दाबली आणि म्हणाली, ‘‘आता लांबून बघा.’’

मिस्त्री लांब गेले. बघितलं. परत येऊन माझ्या पाठीला लेव्हल टेकवली. मग पडेल आवाजात म्हणाले, ‘‘पण बुडबुडा बाजूला गेला.’’

‘‘जाऊ दे, जिथे जायचंय त्याला तिथे.’’

आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, आपण कुठे उभ्या आहोत ते. ‘‘अगंबाई,’’ ती म्हणाली, ‘‘आता परत कशी जाऊ मी?’’ दोघंही हसायला लागले. हसता हसता मिस्त्रींनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मलाही भरून आलं. गंजलो असतो तर त्या दिवशीच.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, ‘‘भाऊजी, तुमच्या स्क्रूची टोकं माझ्या बाजूला आली आहेत बरं का. सोय झाली, मी झाडं छाटायची कात्री अडकवलीय.’’

पण गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी ताई बाहेर आलीच नाही. कशाला येईल? सूर्य हसत होता, चिमण्या जागच्या जागी होत्या, मी सरळ होतो. दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं. मिस्त्री सारखे खिडकीकडे बघायचे. त्या दिवशी ते चहाही प्यायले नाहीत.

त्याच्या पुढच्या सकाळी ते परसात आले, इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच माझी शेपटी वर उचलली; तिचा स्क्रू पिळायचा त्या गडबडीत राहूनच गेला होता. आयुष्यभर एक वीट वाकडी न लावणारा माणूस. त्यांचे कान लाल झाले होते. पलीकडून शेजारणीने फटीतून विचारलंच, ‘‘भाऊजी, चांगला होता की तो. हे काय चाललंय?’’

‘‘वहिनी, गप्प बसा हो,’’ मिस्त्री कुजबुजले.

थोड्याच वेळात खिडकीतून हाक आली, ‘‘अहो, हा मासा परत तिरका कसा झाला?’’

‘‘वाऱ्याने झाला असेल,’’ मिस्त्री आकाशाकडे बघत म्हणाले. पानही हलत नव्हतं.

तेव्हापासून हेच चाललंय. पहाटे ते मला तिरका करतात, उजाडल्यावर ती येते, कुरकुर करत मला सरळ करते, मग फिरत फिरत जाते. वॉकर कधीच माळ्यावर गेला, आता नुसती काठी असते, आणि तीही बरेचदा ती सूर्यापाशी विसरून येते. व्यायामाची मुलगी सगळ्यांना सांगते की तिच्या व्यायामाने गुण आला. सांगू दे बापडी.

मिस्त्रींना वाटतं, त्यांचा बनाव कोणालाच कळलेला नाही. हल्ली त्यांची बोटं सकाळच्या गारव्यात आखडतात, स्क्रूवर मी घट्ट बसलो की त्यांना मला फिरवता येत नाही. एकदा तर किती झटापट केली, दमले आणि तसेच आत गेले. त्या दिवशी मी सरळच होतो. तरी ताई आली. माझ्यासमोर उभी राहिली, मला नीट पाहिलं, एकवार मागे वळून घराकडे पाहिलं. मग नखाने माझा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, त्यांना उद्या जड जाऊ नये म्हणून. आणि घराकडे तोंड करून ओरडली, ‘‘अहो, मासा आजही तिरकाच आहे.’’

तर मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. कधी आमच्या घरी आलात, परसात चक्कर मारलीत आणि कुंपणाच्या टोकाला एक देखणा निळा मासा वाकडा लटकलेला दिसला, तर तुमचा हात शिवशिवेल, मला माहीत आहे. चांगल्या माणसांचा शिवशिवतोच. पण कृपा करा, मला सरळ करू नका. ती येतेच आहे.