चार नंबरच्या खोलीतल्या काचा

टेबलावर शाल, नारळ आणि तिळगुळाचा डबा मांडून ठेवलेला बघितला आणि राजनंदिनीचं टाळकंच सरकलं. दिल्लीतल्या द्वारकेहून मेट्रोने धक्के खात ती आली होती मराठी मंडळाच्या जुन्या शाळेची इमारत तपासायला, आणि इथे सत्काराची तयारी! छत डोक्यावर आलं तरी ही माणसं आधी अध्यक्षांचं भाषण उरकून घेतील, तिने मनातल्या मनात शेरा मारला.

शेरे मारायची तिला खोडच होती. इंजिनियर म्हणून हुशार बाई, पण समोरच्याला अक्कल असू शकते हे तिला सहसा पटत नसे.

जुलैत ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने चार नंबरची खोली बंद करायला लावली होती. तिथल्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत तडा गेला होता. तेव्हापासून पहिलीचा वर्ग व्हरांड्यात, पाण्याच्या मोटरीशेजारी भरत होता. मोटर सुरू झाली की त्यांच्या अक्षयाबाई गप्प बसत, बंद झाली की पुन्हा कविता सुरू. मुलं बहुतेक छावणीतल्या फौजींची, वडिलांच्या बदलीबरोबर सातारा-सांगलीकडून आलेली. दिल्लीची जानेवारीतली थंडी, खाली उघडी फरशी आणि वर नाकं वाहतायत. बघवत नव्हतं.

"जागा भरपूर आहे, बेटा," अध्यक्ष काकासाहेब म्हणाले. "तू फक्त चार नंबर क्लिअर कर, बात खतम. कस्तुरबा गांधी मार्गावर संध्याकाळी मंडळाची मीटिंग आहे, मला तिथे सांगायचंय."

भरपूर म्हणे! तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मध्ये आडवं कपाट. इकडचे पाढे तिकडच्या शिवाजी महाराजांच्या स्वारीत घुसत होते. वाचनालय जिन्याखाली, पुस्तक हवं तर आधी वाका. आणि तळमजल्यावर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, मंडळाचा ऐसपैस हॉल, एसी, गालिचा, झुंबर, सगळं कुलपात! वर्षातून चार कार्यक्रम आणि एक हळदीकुंकू. मुलांच्या पायांनी गालिचा खराब होतो, असं काकासाहेबांचं म्हणणं. राजनंदिनीने टेप लावून सगळं मापलं आणि नाक मुरडलं.

मग ती चार नंबरमध्ये शिरली. तड्यावर आडव्या चिकटवलेल्या काचेच्या तीन पट्ट्या तिनेच जुलैत लावल्या होत्या. भिंत अजून सरकत असेल तर काच तडकते, सरकायची थांबली असेल तर शाबूत राहते. इतकी साधी युक्ती. मुख्याध्यापक विश्वनाथ सरांनी तेव्हा विचारलंही होतं, "ह्या कशासाठी हो, मॅडम?" ती शिडीवरून उतरता उतरता म्हणाली होती, "तुम्हाला नाही कळायचं, सर. मी येऊन बघेन." मराठी व्याकरण शिकवणारे मास्तर, स्वेटरच्या आत टाय. त्यांना कुठे समजावत बसायचं!

आज तिन्ही पट्ट्या धडधाकट होत्या. साधा चरासुद्धा नाही. प्रत्येकीवर जुलैची तारीख, ती पण सुरेख वळणाची. आपलं अक्षर इतकं बरं कधीपासून, असं तिला क्षणभर वाटलं, पण काकासाहेब दारात घड्याळ बघत उभे होते.

"तडा जुना आहे, हलत नाहीये," ती म्हणाली. "बसवा मुलांना आत."

अक्षयाबाईंचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. मुलं सतरंज्या ओढत, आरडाओरडा करत आत पळाली.

ऑफिसात सत्कार सुरू झाला. काकासाहेबांनी तिच्या खांद्यावर शाल पांघरली आणि मंडळाच्या थोर परंपरेवर बराच वेळ घेतला. मग विश्वनाथ सर उठले. आता हे काय दिवे लावणार, म्हणून राजनंदिनीने तिळगुळाची वडी तोंडात टाकली.

"मॅडमनी आपलेपणाने काचा लावल्या," सर म्हणाले, "त्या आम्ही जिवापाड जपल्या. दिवाळीआधी एक तडकली, मग उरलेल्या दोन. फुटकी काच वास्तूत ठेवू नये, आणि मॅडम येतील तेव्हा शोभा नको! मी स्वतः तशाच नव्या कापून आणल्या. गेल्या आठवड्यात पुन्हा एक गेली, तीही बदलली. तारखासुद्धा मॅडमच्याच घातल्या, फक्त अक्षर माझं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

राजनंदिनी ताडकन उठली. दुसऱ्या क्षणी खुर्ची उलटी पडली आणि ती शालीसकट धावत सुटली.

"बाहेर! सगळे बाहेर! बाई, दप्तरं राहू द्या, आधी मुलं काढा!"

अक्षयाबाईंनी एक शब्द विचारला नाही. दोघींनी मुलांना हाताला धरून, खांद्याला धरून दाराबाहेर काढलं. एक मुलगी चप्पल राहिली म्हणून रडायला लागली, तिला राजनंदिनीने सरळ कडेवर उचललं. शेवटचं मूल बाहेर येईपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

"हॉल उघडा," ती काकासाहेबांना म्हणाली.

"अरे यार, परवा तिथे हळदीकुंकू आहे! गालिचा—"

"हॉल उघडा, काकासाहेब, नाहीतर मी आत्ता एकेका पालकाला फोन करून ही भिंत दाखवते."

किल्ली आली. मुलं झुंबराखाली गालिच्यावर बसली आणि मऊ आहे म्हणून लोळायला लागली. काकासाहेब दारात कपाळाला हात लावून उभे. मीटिंगमध्ये आता काय सांगायचं, एवढीच त्यांना चिंता.

विश्वनाथ सर मागून सतरंज्यांची गुंडाळी घेऊन आले. काच कशासाठी असते ते राजनंदिनीने मुलं काढता काढता अक्षयाबाईंना सांगितलं होतं, त्यांनी ते वाटेत सरांच्या कानावर घातलं असावं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. राजनंदिनीच्या जिभेवर दहा शेरे तयार होते. सरांनी गुंडाळी खाली ठेवली.

"दिवाळीआधीच फोन केला असता मी तुम्हाला," ते म्हणाले. "मला नाही कळायचं, असं तुम्ही म्हणालात. पण मॅडम, सांगून तरी बघायचं होतंत."

राजनंदिनीने खांद्यावरची शाल काढली. ती कुठे ठेवावी तेही तिला सुचेना.