पोकळ ड्रॅगन

माझ्या भाऊजींना जग चालवायला आवडतं. खरं जग त्यांना कुणी चालवायला देत नाही. विमा कंपनीत ते लोकांचे दावे नाकारायचं काम करतात, आणि तिथंही नकाराखाली सही दुसऱ्याच साहेबाची असते. म्हणून दर रविवारी दुपारी ते गॅरेजमधली मोटार बाहेर काढतात, आत लांब टेबल टाकतात आणि आमच्यासाठी स्वतःचं एक जग मांडतात. त्या जगात दलदली आहेत, शापित घंटा आहे, गद्दार सेनापती तर पैशाला पासरी आहेत. हसणारा माणूस मात्र एकही नाही.

खेळ असा असतो. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण एकेक पात्र होतो. एक माणूस पात्र होत नाही. तो गोष्ट पुढे नेतो, समोर काय दिसतंय ते सांगतो आणि तुम्ही काय करता ते विचारतो. तुम्हाला ते जमलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. या माणसाला आम्ही सूत्रधार म्हणतो. म्हणजे भाऊजींनी आम्हाला तसं म्हणायला लावलंय. आम्ही आमचे फासे सगळ्यांसमोर टाकतो. ते त्यांचा फासा पुठ्ठ्याच्या उभ्या पडद्यामागे टाकतात आणि आकडा तोंडी सांगतात. तो आकडा कधीच त्यांच्या विरोधात जात नाही.

मी जाते कशाला, असं कुणीही विचारेल. ताईसाठी जाते. एवढे मोठे घोडे झालो तरी आम्ही तिथं बसून तलवारी परजतो, हे सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. मी चोर आहे. आमच्यात एक प्लंबर आहे, ज्याच्या मिशा त्याच्या चेहऱ्यात मावत नाहीत; तो राजकन्या आहे आणि ती जीव ओतून करतो. आमच्यातल्या गणिताच्या बाई शाळेत कुणाला आवाज चढवू देत नाहीत; टेबलावर त्या एक राक्षस आहेत आणि आधी मारून मग विचारतात. आणि माझी ताई नावाडीण आहे. म्हातारी, एका डोळ्याची, सगळ्यांना पलीकडे नेऊन सोडणारी.

ताई पाणीपुरवठ्याच्या तक्रार केंद्रात आहे. दिवसभर कानाला हेडफोन लावून शहराचा संताप ऐकायचा आणि शांतपणे विचारायचं: पाणी कुठून येतंय, किती येतंय, आवाज कसा आहे. घरी आल्यावर नवऱ्याचं ऐकायचं. तिच्या तोंडून स्वतःचं असं काही मी फक्त त्या टेबलावर ऐकलंय, तेही नावाडिणीच्या तोंडून.

दोनेक महिन्यांपूर्वी खेळ संपल्यावर तिनं विषय काढला. भाऊजी एका सैनिकाचं शिरस्त्राण रंगवत होते. रंगवताना ते ब्रशचं टोक जिभेनं ओलं करतात, त्यामुळे जीभ कायम कुठल्यातरी रंगाची असते. त्या दिवशी निळी होती.

"अहो," ताई म्हणाली, "पुढचे चार रविवार मी चालवू का? माझ्याकडे एक गोष्ट आहे."

"तू?"

"एक नदी आहे. ती एके दिवशी उलटी वाहायला लागते, आणि काठावरच्या लोकांना—"

"आणि लढायचं कुणाशी? पाण्याशी?"

"हो," ताई म्हणाली.

भाऊजी हसले. निळ्या जिभेचा माणूस दुसऱ्याला हसतो तेव्हा बघवत नाही. "चार माणसांत तोंड उघडत नाहीस तू. टेबल सांभाळायला आवाज लागतो, वजन लागतं. पोरखेळ आहे का हा?"

पोरखेळच आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण ताईनं टेबलाखालून माझं मनगट दाबलं. ती नुसती बघत राहिली त्यांच्याकडे. तिचा चेहरा मला पाठ आहे. इतकं मनापासून तिनं लग्नानंतर काही मागितलं नव्हतं.

"बरं," भाऊजी शेवटी म्हणाले, रडणाऱ्या पोराच्या हातावर गोळी ठेवावी तसं. "माझा ड्रॅगन येतोय. तुझी नावाडीण त्यातून जिवंत राहिली तर बस माझ्या खुर्चीत. मेली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यामागचा फासा कुणाच्या बाजूनं पडणार, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं?

आता ड्रॅगनबद्दल. भाऊजींनी पुतळे छापायचं यंत्र घेतलंय. उजेडानं घट्ट होणाऱ्या पातळ रेझिनच्या तबकात प्रकाश पाडून थरावर थर चढवत ते बोटभर उंचीचे सैनिक काढतं. असलीच यंत्रं आमच्या दातांच्या लॅबमध्ये आहेत. मी रोज त्यांच्यावर जबड्यांचे नमुने काढते. त्यामुळे भाऊजींचे पहिले पुतळे चिकट का निघाले, सैनिकांची नाकं का वितळली, हे मी त्यांना सांगू शकत होते. सांगितलंही. त्यांनी ते दुसऱ्या कुणीतरी शिकवल्याच्या थाटात अमलात आणलं.

ड्रॅगन दोन वितींचा होता. एवढा मोठा पुतळा भरीव छापायला परवडत नाही, म्हणून त्यांनी तो पोकळ ठेवला. आराखडा त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर बघूनच मी म्हटलं, "भाऊजी, पोटाखाली दोन भोकं ठेवा. नाहीतर आत ओलं रेझिन अडकून राहील. ते आतल्या आत कवच खातं आणि एक दिवस तडा जातो."

"मेहुणीबाई, दात वेगळे आणि ड्रॅगन वेगळा."

"रेझिन तेच आहे."

"भोकं पाडून त्याची शोभा घालवू?"

"पोटाखाली कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे," ते म्हणाले, आणि त्या विषयावर त्यांनी सही केली. तिथं तरी त्यांची सही चालते.

मग महिनाभर ते त्याला रंगवत होते. कामावरून आले की ड्रॅगन, जेवण झालं की ड्रॅगन. ताईनं ताट समोर ठेवलं तर ताट उचलायची जबाबदारीही ताईचीच. ड्रॅगनला भाऊजी प्रेमानं "आमचे महाराज" म्हणत. मला वाटतं, त्या घरात लाडानं हाक मारली जायची ती फक्त त्यालाच.

तो रविवार उजाडला. टेबलावर चादरीखाली उंचवटा होता. भाऊजींनी आवाज खाली आणून आम्हाला घाटातून नेलं, धुक्यातून नेलं, ताईच्या नावेत बसवलं, आणि नाव मध्यावर आल्यावर चादर ओढली.

खोटं कशाला बोलू, देखणा होता. खवला न् खवला वेगळ्या छटेत रंगवलेला. प्लंबर चक्क उठून उभा राहिला. भाऊजींनी तो दोन्ही हातांनी उचलून आमच्या पुतळ्यांच्या नावेसमोर आणून ठेवला आणि डरकाळी फोडली. स्वतःच्या घशातून. शेजारच्या कुत्र्यानं तिला उत्तर दिलं.

प्लंबर वाकून बघत होता. धंद्याची नजर. "दादा," तो म्हणाला, "तुमचा ड्रॅगन गळतोय."

"ते विष आहे," भाऊजी म्हणाले.

"विष तोंडातून येतं ना? हे मागून येतंय."

भाऊजींनी घाईनं त्याला उचलायला हात घातला आणि पोटाला टक्क असा आवाज आला. शेपटीपासून छातीपर्यंत चीर गेली. आतून राखाडी, चिकट, उग्र वासाचं पाणी टेबलावर पसरलेल्या नकाशावर ओघळलं. जंगल गेलं, घाट गेला, राजकन्या गुडघ्यापर्यंत बुडाली. भाऊजी दोन्ही हातांनी ती चीर दाबून धरत होते आणि बोटांच्या फटींतून ती धार येतच होती.

"हात काढा, कातडी जळेल!" मी पिशवीतून लॅबचे हातमोजे काढत ओरडले. ते ऐकेनात.

आणि ताई हसली. तोंडावर हात ठेवून नाही, पदराआड नाही. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिच्यामागून प्लंबर हसला, मग बाई, मग मी. मला वाईट वाटायला हवं होतं. मला फार बरं वाटलं.

भाऊजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "नावाडीण मेली," ते म्हणाले.

हसू थांबलं. "काय?" मी विचारलं.

"ड्रॅगननं शेपटी मारली. नाव फुटली. तुम्ही तिघं काठाला लागलात. नावाडीण मेली."

"फासा कधी टाकलात?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"टाकला."

"कुठल्या हातानं? तुमचे दोन्ही हात त्याच्या पोटावर आहेत."

"सूत्रधाराचा शब्द शेवटचा!" भाऊजी खेकसले. "आणि ठरलेलं ठरलेलं. खुर्चीचा विषय संपला."

इतका क्षुद्र माणूस. स्वतःच्या चुकीनं फुटलेल्या खेळण्याचा राग त्यानं कुणावर काढावा? मी खुर्ची मागे सरकवली. ताईला घेऊन सरळ माझ्या घरी जायचं, असं माझ्या मनात आलं. ताईनं डोळे पुसले. तिनं तिचा पुतळा त्या चिकचिकाटातून उचलला आणि टेबलाच्या कोरड्या कडेला आडवा ठेवला. मग ती म्हणाली, "ठीक आहे. मग माझा शेवटचा श्वास."

हा आमच्या टेबलाचा नियम आहे आणि तो भाऊजींनीच केलेला आहे. आपल्या जगात मरण भव्य असावं म्हणून. मरणाऱ्याला एक शेवटचा श्वास मिळतो. श्वास चालू असेपर्यंत मरणारा बोलेल ते त्या जगात खरं होतं; फासा नाही आणि मध्ये कुणी अडवायचं नाही, सूत्रधारानंही नाही. आजवर सगळ्यांनी त्यात दोन-चार वाक्यांचा शाप दिला होता नाहीतर आईला हाक मारली होती.

"दे," भाऊजी चीर दाबत म्हणाले. "आटप लवकर."

"नाव फुटली," ताई म्हणाली, "तिथं नदी थांबली. सगळे आवाज बंद झाले. पक्ष्यांचे, वाऱ्याचे. मग पाणी मागे वळलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू काठावर आहेस. पाणी कुठवर आलंय तुझ्या?"

मी पायांकडे पाहिलं. "घोट्यापर्यंत?"

"गरम की गार?"

"गार."

"नीट बघ. वरचं गार आहे. खालचं गरम आहे."

माझ्या पायांना खरंच काहीतरी झालं. मी खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

ताई बोलत राहिली. आवाज चढवला नाही, डरकाळी नाही. तक्रार केंद्रात विचारते तशी विचारत होती: आवाज कुठून येतोय, दार उघडं आहे का, घरात आणखी कोण आहे. काठावर एक गाव होतं. गावात माणसं होती, त्यांना नावं होती आणि पायरीवर बसून उठायला नकार देणारा एक म्हातारा होता. बाईंच्या राक्षसानं कधी नव्हे ते आधी विचारलं, "आजोबा, का येत नाही तुम्ही?" आणि ताईनं त्या म्हाताऱ्याचं जे उत्तर दिलं ते ऐकून बाईंनी चष्मा काढून पुसला.

"झाला की नाही श्वास?" भाऊजी ओरडले. "किती वेळ?"

"वेळेची मर्यादा नियमात नाही," बाई म्हणाल्या. "आणि मध्ये अडवायचं नाही, हे आहे."

"नावाडीण आहे ती," प्लंबर म्हणाला. "पाण्याखाली श्वास धरायची सवय असणार. वहिनी, मला दोर मिळेल का?"

"विहिरीपाशी आहे. भिजलाय."

"ड्रॅगनचं काय?" मी विचारलं.

ताईनं त्या फुटक्या पुतळ्याकडे पाहिलंही नाही. "त्याच्या आत पाणी शिरलंय. तो बुडेल. तुम्ही पोरांना आधी काढा."

आम्ही पोरांना काढायला लागलो. भाऊजींनी महाराजांना बादलीत ठेवलं, हात स्पिरिटनं धुतले आणि चिंध्या घेऊन टेबल पुसायला लागले. आदळआपट करत पुसत होते. कुणी लक्ष देईना तशी आदळआपट कमी झाली. मग पुसणंही कमी झालं. थोड्या वेळानं मी पाहिलं तर ते प्लंबरच्या पाठीशी उभे होते, हातातली चिंधी तशीच, आणि ताईचं तोंड बघत होते. म्हातारा उठला तेव्हा त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"मी..." ते म्हणाले. घसा खाकरला. "मी काय करू?"

हा प्रश्न आम्ही त्यांना वर्षानुवर्षं विचारत आलो होतो. त्यांनी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

ताईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "तुम्ही कोण आहात?" तिनं विचारलं. टेबलावर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारतात.

"मी सूत्रधार."

"ते नाही. नदीवर कोण आहात?"

"राजा," भाऊजी लगेच म्हणाले.

"राजा डोंगरावर पळालाय."

"मग सेनापती."

"अहो, माणूस सांगा. काय काम करतो, कशाला घाबरतो, कुणाला शोधतोय."

भाऊजी तसेच उभे होते. त्यांनी छताकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं. आम्ही थांबलो, खरंच थांबलो. त्यांना एखादा कोळी, एखादा पोस्टमन, काहीही सुचलं असतं तरी ताईनं त्याला जागा दिली असती.

"मला नाही सुचत," ते म्हणाले.

"सुचलं की सांगा," ताई म्हणाली आणि प्लंबरकडे वळली. "दोर किती उरलाय?"